चेनसॉला चेन नसते

सगळ्यात आधी गुपित फोडून टाकते. हॅलोवीनच्या हॉन्टेड हाऊसमधल्या त्या चेनसॉला, म्हणजे झाडं कापायच्या साखळीच्या करवतीला, चेन नसते. अंधारातून जो मास्कवाला घरघर करत तुमच्या पोटऱ्यांच्या दिशेने धावत येतो ना, त्याच्या हातातलं मशीन खरं असतं, इंजिन खरं, धूर खरा, पेट्रोल-ऑइलचा वास खरा, फक्त कापणारी साखळी आधीच काढून ठेवलेली असते. हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहिती असतं. मलाही माहितीये. आणि तरी दर ऑक्टोबरात शेवटच्या वळणावर तो आवाज सुरू झाला की मी मैत्रिणीचा हात, लाजलज्जा, वय, सगळं सोडून पळते, पार्किंग लॉटच्या उजेडात येऊन थांबते, आणि मग असं काही हसायला येतं की विचारू नका. डोक्याला सगळं माहिती असतं हो, पायांना कोणी सांगितलेलं नसतं.

मी मूळची चिपळूणची, राहते फिलाडेल्फियाच्या जवळ, आणि मला भीती आवडते. म्हणजे तिकीट काढून घेतलेली. रात्री दोनला भारतातून फोन आला की जी वाटते ती नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी चालू असतात, अनारसे किती, चकल्या किती, कोणाला बिनसाखरेचं काही हवंय का, आणि मध्येच माझा मेसेज पडतो की शनिवारी हॉन्टेड हाऊसला कोण कोण येणार. सुरुवातीला लोकांना वाटलं ही बाई चेष्टा करतेय. आता मात्र आमची एक ठरलेली गँग आहे, त्यात एक डेंटिस्ट आहे, दोन टेस्टिंगवाल्या आहेत आणि एक काकू आहेत ज्या आत शिरताना रामरक्षा सुरू करतात आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जायचं का म्हणून विचारतात. नवरा येतो पण गाडीतून उतरत नाही. त्याचं म्हणणं, पैसे देऊन घाबरायचं तर घराचा हप्ता आहे की.

२०२४ ला तर कमालच झाली, नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरला. पहाटे उटणं, मोती साबण (हो, इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळतो), मग पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं तर कारीट कुठून आणणार, पोराने चेरी टोमॅटो फोडला आणि गोविंदा गोविंदा केलं. संध्याकाळी तोच पोरगा नकली सुळे लावून शेजाऱ्यांच्या दारात चॉकलेटं मागत फिरत होता आणि दारात पणत्या आणि भोपळा शेजारी शेजारी. सकाळी राक्षस मारला, संध्याकाळी राक्षस झाला, त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही आणि मलाही नाही.

तर हॉन्टेड हाऊस. ज्यांनी बघितलं नाही त्यांना वाटतं जत्रेतला भूतबंगला असतो तसं काहीतरी, प्लास्टिकचा सांगाडा आणि कुठूनतरी रेकॉर्डवर हाहाहा. तसलेही असतात. पण चांगलं हॉन्टेड हाऊस म्हणजे नाटकाचा सेट असतो ज्यात प्रेक्षकच चालत जातात, आणि तुमच्यापासून हातभर अंतरावर जिवंत माणसं काम करत असतात, त्यांना म्हणतात स्केअर अॅक्टर. दिवसा कोणी कॉलेजात असतं, कोणी नर्स, कोणी दुकानात माल लावणारा. एकदा सीझन संपताना अशा एका पोराशी गप्पा मारायला मिळाल्या, घसा पूर्ण बसलेला, हातात मधाचं पाणी, आणि तो मला त्याच्या कामातली अक्कल समजावून सांगत होता. म्हणाला, नवीन माणूस उत्साहात समोरून उडी मारतो आणि तिथेच फसतो, कारण समोरून घाबरवलं की घोळका मागे सरतो, मागच्या लोकांवर आदळतो, लाईन तुंबते आणि सगळ्या खोल्यांचं टायमिंग बोंबलतं. घाबरवायचं मागून नाहीतर बाजूने. माणूस पुढे पळाला पाहिजे, पुढच्याच्या तोंडात. आणि अंगाला हात लावायचा नाही, बहुतेक ठिकाणी तो पहिला नियम असतो. भिंतीतली एक फळी धाडकन खाली पडते आणि त्या खिडकीएवढ्या भोकातून कोणीतरी ओरडतं, त्याला ड्रॉप पॅनल म्हणतात, यंत्र म्हणून त्यात काहीच नाही, फळी, खोबण आणि आवाज. पण त्या आधीच्या दहा पावलांत तुमचं लक्ष समोर खुर्चीत बसलेल्या बाहुलीवर खिळवून ठेवलेलं असतं. ती बाहुली आता उठणार, आता उठणार. ती उठतच नाही!

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये १९७३ पासून हॅलोवीनला हे प्रकार चालू आहेत आणि तिथून एक कला सगळीकडे पसरली, स्लायडिंग. गुडघ्याला पॅड, त्यावर धातूची पट्टी, हातमोज्यांनाही धातू लावलेला, आणि तो माणूस धावत येऊन काँक्रीटवर गुडघ्यांनी घसरत तुमच्या पायाशी ठिणग्या उडवत थांबतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरले कमी आणि टाळ्या जास्त वाजवल्या, त्याला ते आवडलं नसावं.

आणि त्यांचे कान! हे लोक लाईनमधलं बोलणं ऐकतात, नावं टिपतात आणि पुढच्या खोलीत पोचवतात. आमच्या गँगमध्ये नावाने कोणी ओरडत नाही, सगळ्या नुसत्या "ए बाई, ए बाई सोड ना" करत असतात. तर दोन खोल्या पुढे, पूर्ण काळोखात, माझ्या कानापाशी एक अमेरिकन घोगरा आवाज हळूच म्हणाला, "एऽऽ बाऽऽई". मी जागच्या जागी बसले. काकूंची रामरक्षा थांबली.

यात काय एवढी मजा, असं माझी बहीण फोनवर विचारते. तिला मी डेन्मार्कचं सांगते. तिथे ऑर्हुस विद्यापीठात एक लॅबच आहे, रिक्रिएशनल फिअर लॅब, म्हणजे करमणुकीसाठी घेतलेल्या भीतीचा अभ्यास करणारी, आणि त्यांनी व्हाइले गावातल्या एका हॉन्टेड हाऊसमध्ये ११० माणसांना हृदयाचे ठोके मोजणारे मॉनिटर लावून आत सोडलं. २०२० साली तो पेपर आला. निष्कर्ष असा की भीती फार कमी पडली तरी मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही, मध्ये कुठेतरी एक जागा असते. आता यात लॅब कशाला लागते असं कोणी म्हणेल, मिसळीची तर्री किती ओतायची हे कोल्हापुरात कोणीही सांगेल. पण मला बरं वाटलं. कोणीतरी आपला नाद सिरीयसली घेतलाय. आणि माझं स्वतःचं निरीक्षण जोडायचं तर ती मधली जागा एकट्याने सापडत नाही. एकदा गँगमधल्या कोणालाच जमलं नाही म्हणून मी एकटी गेले होते. सगळं तेच, फळ्या त्याच, धूर तोच, आणि मी म्युझियममध्ये फिरल्यासारखी बाहेर आले. किंचाळायला शेजारी कोणीतरी लागतं.

हा उद्योग तसा नवा नाही. इंग्लंडमध्ये लिफूकजवळ हॉलिकोम्ब म्हणून जागा आहे, तिथे १९१५ सालचं ऑर्टन अँड स्पूनर कंपनीने बनवलेलं वाफेवर चालणारं घोस्ट हाऊस जपून ठेवलंय, हलणाऱ्या जमिनी, डुगडुगणाऱ्या पायऱ्या. अमेरिकेत ते घराघरातून आलं. तिशीच्या दशकात, मंदीच्या काळात, हॅलोवीनच्या रात्री पोरांचे उपद्व्याप फार वाढले होते, गाड्या उलटवणं, खांब तोडणं वगैरे, तेव्हा आईबापांनी शक्कल काढली की पोरांना बाहेर सोडण्यापेक्षा आपल्याच बेसमेंटमध्ये अंधारी वाट तयार करू, भिंतीला जुनी फर लटकवू, ओला स्पंज लावू, त्यातच त्यांना दमवू. म्हणजे टवाळ पोरांना कामाला लावण्यातून हे सुरू झालंय, आपल्याकडे गणपतीची सजावट जशी होते. पुढे १९६९ मध्ये डिस्नीलँडचं हॉन्टेड मॅन्शन उघडलं. तिथल्या बॉलरूममध्ये पारदर्शक भुतं नाचतात ती नुसत्या काचेची करामत आहे, १८६२ मध्ये लंडनला जॉन हेन्री पेपर या प्राध्यापकाने गाजवलेली, तिरकी काच आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात ठेवलेली वस्तू, बास. दीडशे वर्षांहून जुनी युक्ती आणि लोक अजून आ वासून बघतात.

पण एक तारीख या धंद्यातले लोक विसरत नाहीत. ११ मे १९८४. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर पार्कमध्ये हॉन्टेड कॅसल होता, ट्रेलर एकमेकांना जोडून उभा केलेला, आत फोम, कापड, लाकूड, आणि आग लागली की छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत. आग लागली. आत असलेल्यांपैकी काहींना ज्वाळा हा शोचाच भाग वाटला. आठ टीनएजर गेले. त्यानंतर अशा जागांसाठी अमेरिकेतले आगीचे नियम बदलले, स्प्रिंकलर, धुराचे अलार्म, धोका झाला की आवाज बंद होऊन सगळे दिवे लागणार, बाहेर पडायच्या वाटा. म्हणून मी आता कुठल्याही हॉन्टेड हाऊसमध्ये शिरले की मास्क बघायच्या आधी वर छताला बघते, स्प्रिंकलरचं डोकं दिसलं की मग निवांत घाबरायला मोकळी.

आता कोणी म्हणेल कोकणातल्या माणसाला तिकीट काढून भुतं बघायची काय गरज. बरोबर आहे. आमच्याकडे भुतांचा अख्खा स्टाफ आहे. देवचार, खवीस, मुंज्या, हडळ, पाण्याच्या जवळचा गिऱ्हा, रात्री वाट चुकवणारा चकवा. लाईट गेली की मोठी माणसं अंगणात बसून हेच सांगायची आणि आम्ही पोरं गोधडीतून ऐकायचो आणि नंतर मोरीपर्यंत जायला तिघांची पलटण लागायची. पण तिथल्या भीतीला हिशोब असतो. राखण द्यावी लागते, नारळ, कोंबडा, गाऱ्हाणं, कोणाचं तरी काहीतरी चुकलंय म्हणून घरात दुखणं आलंय. आणि ते बहुतेक वेळा घरातल्या सुनेचं चुकलेलं असतं, हे सुद्धा मी ऐकतच मोठी झाले. भगत आणतात, बाईला झाड लागलंय म्हणतात, आणि मग जे करतात ते बघायला हॉरर शो कशाला हवा. त्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात भर सकाळी खून झाल्यावर. त्यामुळे हॉन्टेड हाऊसचं मला जे आवडतं ते हे की तिथे उधारी नाही. तिकीट काढा, घाबरा, बाहेर या, गरम अॅपल सायडर प्या, घरी जा. कोणी तुमच्या मागे घरी येत नाही आणि कोणाच्या अंगात येत नाही. आपण खोटं आहोत हे ते दारावरच लिहितात आणि मग त्या खोट्यावर जीव तोडून मेहनत करतात.

फिलाडेल्फियात राहायचं आणि ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीबद्दल लिहायचं नाही असं होणारच नाही. शहराच्या मधोमध, कॉफी शॉप्स आणि बाबागाड्यांच्या शेजारी, किल्ल्यासारख्या भिंतींचं जुनं जेल. १८२९ ला सुरू झालं. मध्ये एक गोल आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या रांगा. कल्पना अशी होती की कैद्याला पूर्ण एकटं ठेवायचं, म्हणजे तो पश्चात्ताप करेल, सुधारेल. कोठडीत वर छताला एक छोटा झरोका, तेवढाच उजेड. बाहेर काढलं तर डोक्यावर बुरखा, म्हणजे ना त्याने कोणाला बघायचं ना कोणी त्याला. १८४२ ला चार्ल्स डिकन्स तिथे जाऊन आला आणि हादरून गेला, मनाचा हा छळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट आहे असं त्याने लिहून ठेवलं. विचार करा, हे सगळं चांगल्या हेतूने चाललेलं. पुढे शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन तिथे १९२९-३० मध्ये काही महिने होता. १९७१ ला जेल बंद झालं, आत झाडं उगवली, छतं कोसळली. आणि १९९१ ला निधी गोळा करायला तिथे हॅलोवीनचा कार्यक्रम सुरू झाला, तो वाढत वाढत एवढा झाला की हॅलोवीनच्या तिकिटांचे पैसे त्या पडक्या भिंती जपायला कामी यायला लागले. भुतांनी इतिहास सांभाळला म्हणायचं. आता त्याचं नाव हॅलोवीन नाइट्स आहे.

मी तिथे रात्रीही गेलेय आणि दिवसाही. रात्री धूर, लाल दिवे, पोरंपोरी किंचाळतायत, मस्त. दिवसा मात्र एका कोठडीच्या दारात उभी होते, रंगाचे पापुद्रे सुटून खाली पडलेत, भिंतीला लागून लोखंडी खाटेचा सांगाडा, वरून त्या झरोक्यातून जेमतेम ताटाएवढा उजेड फरशीवर, आणि तो सूर्याबरोबर सरकतो. त्या माणसाला दिवसभर बघायला एवढंच होतं, तो उजेड इथून तिथे जाताना. तिथे कोणी मास्क घालून उडी मारली असती तर मला बरंच वाटलं असतं.

पेनहर्स्टला मात्र मी जात नाही, गँगने कितीही आग्रह केला तरी. स्प्रिंग सिटी गावाजवळ, आमच्याकडून फार लांब नाही. १९०८ मध्ये मतिमंद आणि फिट्स येणाऱ्या मुलामाणसांसाठी राज्याने काढलेली संस्था. १९६८ ला बिल बाल्दिनी नावाचा फिलाडेल्फियाचा टीव्ही रिपोर्टर कॅमेरा घेऊन आत गेला आणि पाच भागांत दाखवलं की मुलांना कसं पाळण्यांना बांधून ठेवलंय, गर्दी, घाण, माणसं नुसती पडून आहेत. पुढे कोर्टात मोठा खटला चालला, अपंगांच्या हक्कांसाठी तो आजही महत्त्वाचा मानतात, आणि १९८७ ला ती जागा बंद झाली. २०१० पासून तिथे हॉन्टेड हाऊस आहे. अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हा विरोध केला होता. असं ऐकलंय की तिथलं काम दर्जेदार आहे आणि इतिहासाचे टूरही असतात, ते असू दे. पण ज्या इमारतीत मुलं बांधून ठेवली होती तिथे पेशंटचा गाऊन घातलेल्या माणसाला मी राक्षस म्हणून घाबरायचं? राक्षस कोण होतं तिथे? लहानपणी आम्हीसुद्धा येड्यासारखं काही केलं की "रत्नागिरीला पाठवू हां" ऐकायचो, घाटावर येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणे, आणि सगळे हसायचे. तोच विनोद इथे डॉलरमध्ये विकायला ठेवलाय, एवढंच. असायलम, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाची थीम दिसली की मी तिकीट काढत नाही, मग ते पेनहर्स्ट असो की शेतातला मांडव.

हे झालं खोट्या भुतांचं. खऱ्या भुतांसाठी टीव्ही आहे.

घोस्ट हंटर्स २००४ च्या ऑक्टोबरात साय-फाय चॅनेलवर सुरू झालं. रोड आयलंडमधले जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन, दिवसा रोटो-रूटर कंपनीचे प्लंबर आणि रात्री भुतं शोधणारे. मला तो शो आवडायचं कारणच मुळी ते प्लंबर होते हे. बाई सांगतेय की रात्री भिंतीतून कण्हल्याचा आवाज येतो, आणि हे दोघं एकमेकांकडे बघून आधी पाईप तपासायला जातात. दार आपोआप उघडतं? चौकटीला लेव्हल लावून बघ. अंगावर शहारा येतो, कोणीतरी बघतंय असं वाटतं? बेसमेंटमधली उघडी वायरिंग बघ. निम्म्या भागांत शेवटी काही सापडायचंच नाही, आणि तरी मी पहाटेपर्यंत मॅरेथॉन बघत बसायची.

नंतर शोंची रांग लागली आणि प्लंबरपणा गेला. काळे टीशर्ट घातलेले दांडगे पुरुष रिकाम्या खोलीत उभे राहून भुताला "हिंमत असेल तर ये" म्हणून आव्हान देतात, तेही सगळं हिरव्या नाइट व्हिजनमध्ये, आणि पुढच्या सेकंदाला "ड्यूड! ड्यूड!" करत पळतात. मी तेही बघते. खोटं कशाला बोलू, चवीने बघते. पण हॉन्टेड हाऊसशी तुलना केली की यांचा लबाडपणा टोचतो. हॉन्टेड हाऊसवाले खोटं बोलून थरकाप उडवतात, हे लोक खरं म्हणून सांगतात आणि शेवटी दाखवतात काय, तर एक दिवा लुकलुकला. तो केटू मीटर, आसपासचं विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा, पाच छोटे दिवेवाला, जवळ मोबाईल वाजला तरी पेटतो.

इंग्लंडमध्ये तर मोस्ट हॉन्टेड नावाच्या शोची मजाच झाली होती. त्यातल्या डेरेक अकोरा या मीडियमच्या अंगात आत्मे यायचे. शोमध्येच काम करणाऱ्या किरन ओकीफ या पॅरासायकॉलॉजिस्टला, म्हणजे भुताखेतांच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्याला, शंका आली, त्याने एका मेलेल्या दक्षिण आफ्रिकन जेलरचं नाव मनाने बनवलं, क्रीड केफर (Kreed Kafer), आणि ते अकोराच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. थोड्याच वेळात क्रीड केफर अंगात हजर! इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बघा, डेरेक फेकर (Derek Faker), म्हणजे ढोंगी डेरेक, होतं. २००५ मध्ये हे पेपरात आलं. अकोराने ते मानलं नाही, आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने त्याच वर्षी म्हणलं की हा शो करमणूक आहे, तपास नव्हे. आपल्याकडे अनिसवाल्यांना हे असले सापळे पाठ आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

याच्या बरोबर उलटं बीबीसीने करून दाखवलं होतं, ३१ ऑक्टोबर १९९२ ला, घोस्टवॉच. नाटकच होतं, आधी शूट केलेलं, पण मायकल पार्किन्सन, सारा ग्रीन हे लोकांच्या रोजच्या ओळखीचे अँकर, साधं उपनगरातलं घर, कोपऱ्यात फोन नंबर, सगळं लाईव्ह असल्यासारखं. अख्खा देश हादरला, फोनवर फोन, तक्रारी, आणि बीबीसीने ते परत कधीच दाखवलं नाही. मी बऱ्याच वर्षांनी डीव्हीडीवर बघितलं. त्यात भूत मागे पडद्याआड, गर्दीत, असं क्षणभर उभं करून ठेवलंय, कोणी बोट दाखवत नाही. खूप वेळाने कळतं की अरे, हा मघाशीही तिथेच होता. हे ज्याला सुचलं त्याला साष्टांग.

मला स्वतःला भुतं आहेत असं वाटत नाही. म्हणून तर मला एवढी मजा घेता येते. आणि गंमत म्हणजे शोधणाऱ्यांनी जे खरंच शोधून काढलंय ते कुठल्याही भुतापेक्षा भारी आहे. विक टँडी नावाचा इंग्लंडमधला इंजिनियर एका लॅबमध्ये रात्री काम करत होता, घाम फुटला, उगाच उदास वाटायला लागलं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडं काहीतरी दिसलं, वळून बघितलं तर नाहीसं. दुसऱ्या दिवशी तो आपली तलवारबाजीची तलवार पकडीत लावून दुरुस्त करत होता तर तिचं टोक आपोआप थरथरतंय. हा पळून नाही गेला. पकड इकडे तिकडे सरकवून बघितलं, थरथर कुठे जास्त कुठे कमी, आणि शेवटी सापडला नवीन बसवलेला पंखा, ज्याचा साधारण १९ हर्ट्झचा आवाज कानाला ऐकू येत नाही पण खोलीत घुमतो. पंख्यात बदल केल्यावर भूत गेलं. १९९८ ला त्याने यावर पेपर लिहिला. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, विल्मर या डोळ्यांच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकीकत छापली होती, घरात पावलं वाजतायत, माणसं दिसतायत, पोरं आजारी, झाडंही मरतायत, आणि निघाली काय तर घर गरम ठेवायची बिघडलेली भट्टी, घरभर कार्बन मोनॉक्साइड. टीव्हीवर कोणी भुताला आव्हान द्यायला लागलं की मला सगळ्यात आधी वाटतं, बाबा रे, डिटेक्टरची बॅटरी बघितलीस का.

गेल्या फॉलमध्ये आई आली होती. तिला पानांचे रंग दाखवून झाले, आउटलेट मॉल दाखवून झाला, आणि मग तिला माझ्या शोंची गोडी लागली. इंग्रजी जेमतेम, पण भुतांना भाषा लागत नाही. चष्मा लावून बसायची आणि तिचे प्रश्न शोवाल्यांनी कधीच विचारले नसतील असे. "हे सगळे रात्रीचे जेवले का?" "त्या घरात शेवटचा गेला तो कोण, त्याचं दिवसवार केलं होतं का कोणी?" "नुसतं नाव काय विचारतात, काय हवंय ते विचारा म्हणावं." ते शेवटचं मला अजून पटतं.

एका रात्री स्पिरिट बॉक्सचा सीन चालू होता. स्पिरिट बॉक्स म्हणजे रेडिओच, फक्त तो एकेका स्टेशनवरून भरभर सरकत राहतो, खर्र खट खर्र, आणि मध्ये कुठल्यातरी गाण्याचा नाहीतर बातम्यांचा अर्धा तुकडा ऐकू येतो आणि हे म्हणतात आत्मा बोलला. आई टीव्हीकडे पाठ करून डायनिंग टेबलावर गवार मोडत होती, पटेलकडची ताजी मिळाली होती. पडद्यावर तो तुकडा आला, सगळे ताडकन मागे सरले, तीन वेळा स्लो करून ऐकवलं आणि खाली ठळक अक्षरात लिहून आलं की आत्मा म्हणतोय, "गो अवे". मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, गो अवे. अंगावर काटा आला.

आई मागे वळून म्हणाली, "गवार काय म्हणतोय तो?"

मी रिमोट घेऊन मागे नेलं. डोळे मिटून ऐकलं, पाटी न वाचता. परत मागे नेलं. नवरा वरून खाली आला, काय चाललंय म्हणाला, त्याला काही न सांगता ऐकवलं, तर तो म्हणतो "कोबा" की "होबा" असं काहीतरी वाटतंय. त्या वाड्यात शंभर वर्षांपूर्वी मेलेला तो सज्जन गृहस्थ नेमका काय म्हणत होता देव जाणे, मला मात्र तेव्हापासून त्या भागात गवारच ऐकू येते, आणि तो काळ्या टीशर्टवाला घाबरून मागे सरतो ते मला आता भाजीला घाबरल्यासारखं दिसतं.